लाखेखालची लाल वाईन

“मला लाल वाईन प्यायची आहे,” बायको म्हणाली. “घरीच, टेबलावर बसून. आणि जेवण तुम्ही करायचं.”

हातातला घास हातातच राहिला. एवढ्याशा बोलण्यात माणसाला तीन धक्के बसू शकतात हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरात आजवर खोकल्याच्या औषधापेक्षा कडक काही आलेलं नाही, आणि तेही मी चमच्याने मोजून घेतो. टेबल आहे, पण त्यावर इस्त्री, रद्दी आणि बंद पडलेला मिक्सर ही कायमची मंडळी बसलेली असतात. आम्ही दोघं ओट्याशेजारच्या स्टुलांवर जेवतो. राहता राहिलं माझ्या हातचं जेवण. ही वस्तू तोपर्यंत जगात अस्तित्वातच नव्हती. मला चहा येतो आणि तो उतू गेल्यावर ओटा पुसता येतो, इतकंच.

चूक माझीच. शुक्रवारी ती नोकरीतून निवृत्त होणार होती, म्हणून मी विचारलं होतं, “तुला काय हवं?” विचारणं ही आपली एक रीत. मनगटी घड्याळ द्यायचं मी केव्हाच ठरवलं होतं, कारण दुरुस्तीला टाकलेलं माझं घड्याळ आणायचंच होतं आणि एका खेपेत दोन्ही कामं झाली असती. नवऱ्याने असं काही विचारू नये, आणि विचारलंच तर उत्तर यायच्या आत बाहेर पडावं.

“स्वस्तातली आणा,” ती पुढे म्हणाली. “महाग आणलीत तर घोटागणिक मला किंमत सांगत बसाल.”

मी एवढंच म्हणालो की हे अचानक कुठून निघालं. त्यावर ती ताटातलं बोट थांबवून म्हणाली, “आयुष्यभर लोकांचं खाणं परीक्षानळीत बघितलं. जेवायला बसले तरी डोळे शोधतच असतात. एक दिवस मला काहीही शोधायचं नाही. नुसतं जेवायचंय.”

इथे आमच्या नोकरीबद्दल सांगायला हवं. आम्ही दोघंही खाण्यापिण्यातली भेसळ पकडणाऱ्या कार्यालयात आहोत. मी तळमजल्यावर नमुना कक्षात. तेल, दूध, मध, चहापूड, जे काही पकडून आणलं जातं ते मी छोट्या बरण्यांत भरतो, सुतळीने बांधतो, वर लाख ओतून तिच्यावर कार्यालयाचा शिक्का उठवतो आणि नाव-गाव झाकून नुसता क्रमांक टाकून वर पाठवतो. वर प्रयोगशाळा. तिथे बायको. माझ्या बरण्या ती उघडते आणि आत काय आहे ते सांगते. नमुना कोणाचा हे तिने विचारायचं नाही, मी सांगायचं नाही. नियमच आहे, आणि तो आम्ही घरीही पाळतो. आमच्या संसारात जी काही शांतता नांदली तिचं बरंचसं श्रेय या नियमाला आहे.

ती म्हणाली ते मात्र खरं होतं. ही दुधाचा थेंब ताटाच्या कडेवरून ओघळवून बघितल्याशिवाय चहा करत नाही. मध दिसला की बोटांत घेऊन चिकटपणा बघते. कोणाकडे जेवायला गेलो की ही चमच्यातलं तेल दिव्याकडे धरते आणि यजमानीणबाईंचा चेहरा पडतो. त्यामुळे आम्हाला एका घरी सहसा दोनदा बोलावत नाहीत. अशा बाईने तीस वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, “शुक्रवारी संध्याकाळी सगळं तयार असेल.” छातीवर हात मी उगाचच ठेवला, पण त्यामुळे शब्दाला वजन आलं आणि पुढे ते वजन माझ्याच मानेवर बसलं.

आता वाईनबद्दल कोणाला विचारायचं? आमच्या वरच्या मजल्यावर विम्याचे निवृत्त एजंट राहतात. ते एकदा परदेशी जाऊन आले आहेत, तेव्हापासून इमारतीत त्यांना ‘सर्वज्ञ’ म्हणतात. मी त्यांना जिन्यात गाठून दबक्या आवाजात विचारलं. आमच्या इमारतीत मोठ्याने बोललेलं कोणी ऐकत नाही. दबकं बोललेलं गच्चीपर्यंत जातं. समोरच्या मावशींचं दार, जे नेहमी फटीपुरतं उघडं असतं, ते वीतभर उघडलं.

सर्वज्ञांनी पहिला प्रश्न केला की जेवायला काय. मी सांगितलं, कोंबडी, बटाटे, कांदे, सगळं एका पातेल्यात, बरोबर पाव. त्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. लाल वाईन आणि कोंबडी? लोक काय म्हणतील? मी म्हटलं, जेवणार आम्ही दोघंच, लोक कुठून येणार? ते म्हणाले, प्रश्न तत्त्वाचा आहे. मग त्यांनी मला उभ्या उभ्या शिकवणी दिली. पेला दांडीला धरायचा, पोटाला धरला की वाईन तापते. आधी हुंगायचं, मग गोल फिरवायचं, मग प्यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाईनला श्वास घ्यावा लागतो, तेव्हा बाटली जेवणाच्या बऱ्याच आधी उघडून ठेवायची. वाईन श्वास घेते हे ऐकून मी हबकलो. उद्या तिला जुलाब होतात म्हणाले असते तरी मी विश्वास ठेवला असता. शेवटी ते म्हणाले, “स्वस्तात हवी असेल तर ब्लेंड घ्या. दोन-तीन जातींची द्राक्षं एकत्र केलेली. आपल्यासारख्यांना तीच बरी.” या ‘आपल्यासारख्यांना’मध्ये ते स्वतः नव्हते हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. जाता जाता त्यांनी दांडीचे दोन पेले वर्तमानपत्रात गुंडाळून उसने दिले आणि फुटले तर काय, हे न सांगता नुसतं माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी कार्यालय सुटल्यावर मी दुकानात गेलो. बाटली बाहेरून दिसू नये म्हणून घरातली सगळ्यात जाड पिशवी शोधून नेली होती. ती आमच्या खात्याच्या जनजागृती सप्ताहात फुकट मिळाली होती. तिच्यावर खात्याचं नाव आणि खाली लाल ठसठशीत अक्षरात ‘भेसळ करणाऱ्याची गय नाही’ असं छापलेलं आहे. पण आपल्या रोजच्या पिशवीवर काय लिहिलंय हे कोण वाचतो? मी तरी वाचलं नव्हतं. रस्ता मोकळा होईपर्यंत समोरच्या चपलांच्या दुकानात मी उगाच मापं बघत उभा होतो, एक चप्पल घ्यावीही लागली, आणि मग डाव्या पायात जुनी नि उजव्या पायात नवी अशा अवस्थेत मी झटकन रस्ता ओलांडला. दुसरी नवी चप्पल घ्यायला नंतर परत जावं लागलं, पण ते जाऊ दे.

दुकानदार गोरागोमटा, हसतमुख. त्याने एक बाटली पुढे केली. “ही न्या. तीन जातींच्या द्राक्षांचं मिश्रण आहे. स्वस्त आणि छान.”

आता ‘मिश्रण’ हा शब्द तुम्ही ऐकला तर तुम्हाला काहीच वाटणार नाही. पण माझी हयात त्या शब्दात गेली. तो कानावर पडला की मी दुकानात गिऱ्हाईक म्हणून उभा आहे हेच विसरतो. माझ्या तोंडून आपोआप प्रश्न बाहेर पडू लागले. मिश्रण म्हणजे नक्की कशात काय मिसळलंय? कोणाचं प्रमाण किती? ते बाटलीवर का नाही? पक्की पावती द्या, आणि तिच्यावर लॉट नंबर लिहा. बिस्किटाचा पुडा घेतानाही मी हेच विचारतो. आमचा वाणी मला ओळखतो, म्हणून तो उत्तर न देता पुडा पुढे सरकवतो.

हा दुकानदार मला ओळखत नव्हता. त्याने मान खाली घातली ती त्याची नजर माझ्या पिशवीवर गेली. तिथे जे छापलं होतं ते त्याने वाचलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने आधी बाटली पुसली, मग गल्ला पुसला, मग स्वतःचं कपाळ पुसलं. बसायला खुर्ची आणि प्यायला थंड पाणी दिलं. मी नम्रपणे म्हणालो, “दुकानदाराकडून आम्ही पाणीसुद्धा घेत नाही.” हे मी अभिमानाने म्हणालो होतो. त्याने ते दुसऱ्याच अर्थाने घेतलं असावं, कारण तो भिंतीला टेकला. मी दाम मोजले, पावती आणि बाटली पिशवीत टाकली, त्याला प्रकृतीला जपा म्हणून सांगितलं आणि घरी आलो.

दुसऱ्या संध्याकाळी जिना चढून वर येतो तो दारात एक खोकं. त्याच्या बाजूला समोरच्या मावशी खुर्ची टाकून बसलेल्या. “तुमचं विसरलेलं सामान आलंय,” त्या म्हणाल्या. “मी सही करून घेतलं. माणूस म्हणाला, साहेबांना नमस्कार सांगा आणि राग मानू नका म्हणावं.” खोक्यावर द्राक्षाच्या घडाचं चित्र होतं. मावशींनी ते चित्र माझ्या आधी बराच वेळ बघितलेलं होतं. मी झाकण उचललं. आत पेटीभर वाईन, सगळ्या बाटल्या कालच्याच मिश्रणाच्या.

मला घाम फुटला. मंडळी, मी साधा माणूस आहे, मला गाता येत नाही, पोहता येत नाही, चारचौघांत बोलता येत नाही. माझ्याकडे अभिमानाने दाखवण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे आजवर मी कोणाच्या कपातला चहासुद्धा घेतलेला नाही. आणि आता माझ्या दारात, मावशींच्या साक्षीने, लाच म्हणून आलेली पेटी. मी ती उचलली आणि तसाच दुकानाकडे निघालो. वाटेत भेटणारा प्रत्येक ओळखीचा माणूस आधी खोक्याकडे आणि मग माझ्याकडे बघत होता. दुकानाचं शटर बंद. त्यावर कागद चिकटवलेला, ‘घरगुती अडचणीमुळे दुकान काही दिवस बंद’. समोरच्या चपलावाल्याने सांगितलं की दुकानदार सकाळीच सासुरवाडीला गेला, आणि जाताना एक कर्दनकाळ अधिकारी आलाय म्हणून रडत होता. मग त्याने माझ्या पायांकडे बघून चपला व्यवस्थित बसतात ना, असं विचारलं.

पेटी घेऊन मी परत आलो. मावशी तिथेच होत्या. “परत आणली?” त्या म्हणाल्या. “की ही दुसरी?”

बायको त्या आठवड्यात प्रयोगशाळेतली जुनी कामं संपवत उशिरा यायची, त्यामुळे तिला यातलं काही कळलं नाही. पेटी मी पलंगाखाली ढकलली. इमारतीला मात्र सगळं कळलं होतं. तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी दाराखालून व्यसनमुक्ती केंद्राचं पत्रक सरकवलं. त्यावर त्यांनी पेनाने ‘लाज बाळगू नका’ असं लिहिलं होतं. लाज बाळगण्यासारखं काही केल्यावर कोणी असं लिहिलं तर बरं वाटतं. काहीच न करता लिहिलं तर काय करायचं? ‘मी पीत नाही’ अशी पाटी दारावर लावायची?

सकाळी मी सरळ साहेबांसमोर उभा राहिलो आणि पेटी टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते पाठ थोपटतील. साहेब खुर्चीतून अर्धे उठले. त्यांना बदलीआधी एक मोठी केस हवी होती, आणि वर्षभर त्यांच्या हाती चहापुडीपलीकडे काही लागलं नव्हतं.

“घाबरून पेटी पाठवतो आणि पळून जातो,” ते म्हणाले. “म्हणजे नक्की भेसळ आहे. चोराच्या मनात चांदणं. घ्या नमुना.”

मी म्हणालो, पेटी इथेच आहे, हवा तेवढा घ्या. साहेबांनी मान हलवली. पेटी हा पुरावा झाला, नमुना नव्हे. नमुना म्हणजे दाम मोजून, पक्की पावती घेऊन, लॉट नंबरासकट विकत घेतलेला माल. असा माल या शहरात एकाच माणसाकडे आहे. ते माझ्याकडे बघून हसले. मी म्हणालो, साहेब, ती बाटली मी घरच्या जेवणासाठी घेतली आहे. आणि वाईन आपल्या खात्यात येत तरी कुठे, ती पेय आहे, तिचं खातं वेगळं. हा मुद्दा मी फार आशेने मांडला होता. साहेबांनी क्षणभर विचार केला.

“जेवणाबरोबर घेणार होतात ना?” ते म्हणाले. “मग अन्न झालं.”

नियमापुढे मी आयुष्यात कधी मान वर केली नाही, तेव्हाही केली नाही. घरी जाऊन बाटली आणली. माझ्या कक्षात तिचं बूच निघेना. सुरी लावली, पेचकस लावला, शेवटी बोटाने आत ढकललं आणि शर्टावर लाल शिंतोडे घेतले. ते शिंतोडे पुढे मावशींनी बघितलेच. मग बायकोसाठी आणलेली ती वाईन मी माझ्या हाताने तीन बरण्यांत ओतली. नमुना देणारा मी, घेणारा मी, साक्षीदार म्हणून शिपाई. नियमाप्रमाणे सुतळीला दोन गाठी पुरतात. मी नेहमी वर एक तिसरी मारतो. तशी मारली. लाख ओतली, शिक्का उठवला. आयुष्यात हजारो शिक्के उठवले, हा एकच तिरका बसला. सर्वज्ञ म्हणाले होते, वाईनला श्वास घ्यावा लागतो. मी तिचं नाक-तोंड दाबून वर लाख ओतली होती. क्रमांक टाकला आणि वर पाठवली.

साहेबांनी कागदावर ‘तातडीचे’ लिहिलं. अहवाल बायकोनेच द्यावा आणि तोही निवृत्त व्हायच्या आत, असं त्यांचं म्हणणं होतं, कारण तिचा अहवाल आजवर कुठल्याही वकिलाला फोडता आलेला नाही. म्हणजे माझी बायको तिच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, तिने मागितलेल्या आनंदात विष शोधणार होती, आणि तिला हे सांगायची मला बंदी होती.

तुम्ही म्हणाल, एवढं काय, दुसरी बाटली घ्यायची. मीही तेच म्हणालो. संध्याकाळी पलीकडच्या बाजारात गेलो, या वेळी साधी पिशवी घेऊन. पहिल्या दुकानाच्या पायरीवर पाय ठेवतोय तोच शटर खाली आलं. दुसऱ्या दुकानात आतून कोणीतरी “आलाय, आलाय” म्हणालं आणि दिवे गेले. तिसऱ्या दुकानापर्यंत मी पोहोचलोच नाही, लांबूनच शटरचा आवाज ऐकला. सगळा बाजार माझ्यापुढे पटापट डोळे मिटत होता. रस्त्यावर हात हलवत उभी राहिलेली गिऱ्हाइकं माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती तिचं वर्णन करणं मला बरं वाटत नाही. त्यांत सर्वज्ञही होते. ते तिथे काय करत होते हे मी विचारलं नाही, आणि त्यांनी माझ्याकडून पेले ताबडतोब परत मागितले.

पेले मी दिले नाहीत. एवढाच काय तो माझा पराक्रम.

शुक्रवारी बायको शेवटची कामावर गेली. सकाळपासून गप्प होती. मी रजा घेतली होती. निरोप समारंभालाही येऊ नका, स्वयंपाक करा, असं तिनेच सांगितलं होतं. दुपारी टेबलावरची इस्त्री, रद्दी आणि मिक्सर हलवले. खालचा टेबलाचा रंग दिसला, तो मी विसरलोच होतो. चादर अंथरली. कांदे चिरताना रडलो, त्यातलं कांद्यामुळे किती ते सांगता येणार नाही. कोंबडी पातेल्यात टाकली, बटाटे टाकले, आणि झाकण ठेवून विचार करत बसलो. विचार करणाऱ्याने स्वयंपाक करू नये. करपल्याचा वास आला तेव्हा मी धावलो. तळ लागला होता, पण वरचं वर काढलं तर खाण्यासारखं होतं, निदान ओळखू येण्यासारखं होतं.

आता पेल्यांत काय? फ्रिजमध्ये डाळिंबाचा रस होता. रंग जवळपास तसाच. त्यात थोडं लिंबू, थोडी साखर घातली तर अंधूक दिव्यात खपून जाईल असं एका दुष्ट क्षणी वाटलं. बाटलीपर्यंत हात गेलाही. आणि मग अंगावर सर्रकन काटा आला. एकाच्या नावाखाली दुसरंच खपवायचं, याला आमच्यात काय म्हणतात ते मला पाठ आहे. तेही कोणाला, तर तिला. आजच्या दिवशी. मी फ्रिज बंद केला आणि रिकाम्या पेल्यांसमोर बसून राहिलो. ठरवलं की खरं तेच सांगायचं. नियम मोडला तर मोडला, साहेब गेले उडत.

संध्याकाळी दार उघडलं. तिच्या एका हातात फुलांचा गुच्छ, दुसऱ्यात भिंतीवरचं घड्याळ, खांद्यावर नेहमीची पिशवी. घड्याळ बघून मला बरं वाटलं, कारण मीही घड्याळच देणार होतो. तिने मोकळं टेबल बघितलं, चादर बघितली, वास घेतला. शांतपणे खुर्चीत बसली.

“एक सांगायचंय,” मी उभा राहूनच म्हणालो. “कोंबडी थोडी लागली आहे. आणि वाईन नाही. होती, पण आता नाही. मी दिलेला शब्द…”

“बसा,” ती म्हणाली.

तिने पिशवी उघडली आणि टेबलावर एकेक करून तीन बरण्या ठेवल्या. माझ्याच बरण्या. दोन सीलबंद, एकीचं सील रीतसर उघडलेलं. मी खुर्चीवर बसलो तो जवळजवळ खुर्चीच्या बाहेर. माझ्या बायकोने कार्यालयातून नमुना चोरून आणला, या विचाराने माझी पाचावर धारण बसली. दारू परवडली.

“तोंड मिटा,” ती म्हणाली. “नमुना पास झाला तर उरलेला माल ज्याचा त्याला परत करतात. नियम तुम्हीच मला शिकवलात. साहेबांनी अहवाल वाचला, डोक्याला हात लावला आणि म्हणाले, घेऊन जा, तुमच्याच घरातला आहे. तेव्हा मला कळलं.”

तिने सगळं सावकाश सांगितलं. अहवालात तिने लिहिलं होतं, द्राक्षांचं मिश्रण, भेसळ काही नाही. दुकानदाराला सासुरवाडीहून बोलावून पेटी परत दिली. तो साहेबांच्या नव्हे, तिच्या पाया पडायला निघाला होता. साहेबांचा चेहरा मात्र असा झाला होता की समारंभात त्यांना भाषणच सुचेना, आणि त्यामुळे समारंभ वेळेत संपला.

“पण सकाळपासून तू गप्प का होतीस?” मी विचारलं.

ती बरणीवरची सुतळी बोटाने चाचपत होती. “काल या बरण्या माझ्या टेबलावर आल्या,” ती म्हणाली. “शिक्का तिरका. तुमचा शिक्का तिरका कधी बसत नाही. मला वाटलं, तुम्हाला बरं नाहीये आणि माझ्यापासून लपवताय. कालची रात्र त्यातच गेली.” मग जरा थांबून म्हणाली, “बाकीचे कात्रीने कापतात. मी तुमची तिसरी गाठ रोज हाताने सोडवते. तीस वर्षं. उद्यापासून कोणीतरी कापेल.”

माझी ती फुकटची तिसरी गाठ वर कोणी सोडवतं हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी खालच्या मजल्यावर गाठी मारत बसलो आणि ती वरच्या मजल्यावर त्या सोडवत बसली, आणि संध्याकाळी घरी येऊन आम्ही दोघंही आज काही विशेष नाही असं म्हणत राहिलो. माझे डोळे भरून आले. या वेळी कांदा नव्हता.

तिने एक सीलबंद बरणी पुढे सरकवली. “उघडा. आज तुम्ही सोडवा.”

मी गाठ सोडवू लागलो. ती इतकी घट्ट होती की माझी मलाच सुटेना. नखं लावली, दात लावले. ती हसून हसून टेबलावर डोकं टेकायची बाकी राहिली. शेवटी सुटली. लाख फोडली, आणि सर्वज्ञांच्या दांडीच्या पेल्यांत मी बरणीतून वाईन ओतली. बुचाचे दोन तुकडे वर तरंगत होते ते चमच्याने काढले. हुंगणं, गोल फिरवणं सगळं विसरलो. पेला पोटाला धरला तो धरलाच.

तिने कोंबडीचा एक तुकडा पावाबरोबर खाल्ला. करपलेला भाग बाजूला काढला नाही. मग पेला उचलला. सवयीने तो दिव्याकडे जाऊ लागला. अर्ध्या वाटेवर तिने हात थांबवला, खाली आणला आणि एक घोट घेतला.

मी श्वास रोखून बघत होतो. तीस वर्षं मी खालून वर पाठवत आलो आणि वरून निकाल येत राहिला. इतक्या आतुरतेने मी कुठल्याच निकालाची वाट बघितली नव्हती.

“कशी आहे?” मी विचारलं.

तिने डोळे मिटून दुसरा घोट घेतला.

“मला विचारू नका,” ती म्हणाली. “मी निवृत्त झाले.”

आणि तिने पेला पुढे केला.